ज्याने उघडले, त्याचे गाढव

मी एक जुने कापडी गाढव आहे. मित्रांनो, हसू नका. लोकांच्या हसण्याचा मला पुरेसा अनुभव आहे. दोन वर्षे माझ्या तोंडात माणसाचे दात होते, वर आठ आणि खाली सहा, आणि मला पाहून न हसलेले लोक मी बोटांवर मोजू शकलो असतो, मला बोटे असती तर. आज माझे तोंड लाल दोऱ्याने शिवलेले आहे. तरी माझी हकीकत मी तुम्हाला सांगणार आहे, कारण ज्यांना ती ठाऊक आहे ते कधीच सांगणार नाहीत.

माझा जन्म एका शिवणयंत्राजवळ झाला. ताईने मला आपल्या जुन्या राखाडी कोटातून कापले. पोटात चिंध्या भरल्या, डोळ्यांना दोन बटणे लावली. एक कोटाचे होते, दुसरे कुठून तरी मिळालेले आणि जरा मोठे. कापड पुरेना म्हणून माझा डावा कान आखूड राहिला. ताईने मला दिव्यासमोर धरून पाहिले आणि म्हणाली, "असू दे. ऐकायला एक पुरतो."

ताईने लग्न केले नव्हते. आईवडील लवकर गेले, तेव्हा धाकटा भाऊ दहा वर्षांचा होता. त्याला तिनेच वाढवले. त्याला मुलगी झाली, चिमू, आणि ती रात्री झोपेना, म्हणून मला जन्माला घातले गेले. चिमूने माझा आखूड कान चावून चावून आणखी आखूड केला. तिला ताप आला की मलाही ताप यायचा, आणि ताई आम्हा दोघांच्याही कपाळावर ओली पट्टी ठेवायची. ती माझी खरी सुखाची वर्षे. पुढे चिमूला शाळा आली, मैत्रिणी आल्या, आणि एके दिवशी मी माळ्यावरच्या पेटीत गेलो. तिथे चौदा वर्षे मी कसरींशी गप्पा मारत पडून होतो. चिमू शिकली, लग्न करून दूरदेशी गेली, हे मला खालून येणाऱ्या आवाजांवरून कळले.

एका दुपारी पेटी उघडली. मला वाटले, चिमू आली. तो तिचा बाप होता. त्याला सगळे भाऊ म्हणतात, ताईही आणि नोकरही. त्याने मला शेपटीला धरून उचलले, झटकले आणि म्हणाला, "सापडलं एकदाचं."

भाऊचा दातांचा कारखाना आहे. दातांचे डॉक्टर रोग्याच्या तोंडाचे माप पाठवतात आणि इथे कवळ्या, दातांवर बसवायच्या टोप्या, पडलेल्या दाताच्या जागी घालायचे पूल तयार होतात. तीन खोल्या, सात माणसे, सगळीकडे प्लास्टरची पांढरी भुकटी आणि मेण तापवल्याचा वास. त्यातली पुढची खोली मुळात ताईची राहती खोली होती. कारखाना सुरू करायला तिने ती दिली आणि स्वतः मागच्या गल्लीत भाड्याने गेली. पूर्वी मापे डब्यातून यायची. आता ती मेलने येतात, आणि ते मेल उघडणे, माप उतरवून घेणे, दाताची छटा लिहून ठेवणे, हे सगळे ताई करते. करायची.

तर भाऊ एका व्याख्यानाला जाऊन आला होता. लहान उद्योगांनी कॉम्प्युटरवरच्या चोरांपासून कसे वाचावे, असा विषय होता. वक्ता भला माणूस असावा. पासवर्ड सगळीकडे एकच ठेवू नका, कॉम्प्युटरातल्या सगळ्याची दुसरी प्रत ठेवा, ती प्रत काम झाले की तारेवरून काढून वेगळी ठेवा, आणि चुकून काही उघडले तर लपवू नका, ताबडतोब यंत्रे एकमेकांना जोडणारी तार काढा आणि सगळ्यांना सांगा, असे त्याने सांगितले होते. हे सगळे छापलेला कागद भाऊने आपल्या केबिनमध्ये खुर्चीमागे चिकटवला होता, म्हणून मला पाठ आहे. गाढवापुढे वाचली गीता, असे तुम्ही माणसे म्हणता. त्या सभागृहात एकही गाढव नव्हते, हे मला मुद्दाम सांगायचे आहे.

वक्त्याने आणखी एक सांगितले होते. आपल्याच माणसांना अधूनमधून खोटे मेल पाठवावेत, म्हणजे ती सावध राहायला शिकतात. भाऊच्या डोक्यात एवढेच राहिले. त्याने सगळ्यांना चहाला गोळा केले आणि मला टेबलावर ठेवले.

"आजपासून खोटी मेलं येतील," तो म्हणाला. "जो उघडील, त्याच्या टेबलावर हे गाढव. दुसरा कोणी सापडेपर्यंत तिथून हलणार नाही."

नियम त्याने तिथेच ठरवले. सापडलेल्या माणसाने चहाच्या वेळी उभे राहायचे, सगळ्यांसमोर 'मी उघडलं' म्हणायचे, आणि मग भाऊ मला दोन्ही हातांवर घेऊन त्याच्यापर्यंत चालत जाणार. पॉलिशवाला म्हणून एक गडी तिथे होता, टवाळ. त्याला माझे तोंड बावळट वाटले. त्याने रद्दीतले चौदा दात निवडले आणि गुलाबी हिरड्यांसकट माझ्या तोंडात घट्ट बसवले. मी एकदम दात विचकून हसू लागलो. सगळे पोट धरधरून हसले, ताईसुद्धा हसली.

खोटे कशाला बोलू, मलाही बरे वाटले. चौदा वर्षे कसरींनी खाल्ल्यावर कोणी का असेना, मला हातात घेत होते. मी खोलीत आलो की माणसे गप्प होत. एवढा मान आमच्या जातीला कोण देतो?

पहिल्या फेरीत ताई सापडली. कोणाचे तरी पार्सल अडकले आहे, असे मेल होते. ती उभी राहिली, हसत म्हणाली, "मी उघडलं बाबा." तेव्हा तिने मला नीट पाहिले. माझ्या पोटावरची शिवण तिने अंगठ्याने एकदा दाबली. मी तिच्या हातचा आहे हे त्या खोलीत तिला आणि भाऊलाच ठाऊक होते, आणि भाऊला ते आठवत नव्हते.

दुसऱ्या फेरीतही ताईच सापडली. नव्या रोग्याचे माप, असे त्या मेलवर लिहिले होते. आता तुम्हीच विचार करा. तिचे कामच मेल उघडण्याचे. दिवसाला चाळीस मेल उघडणारी बाई एखाद्या वेळी फसणार. पॉलिशवाल्याने जन्मात मेल उघडले नव्हते, त्याला मेलचा पत्ताच नव्हता, म्हणून सर्वांत सावध कामगार म्हणून त्याचे नाव फळ्यावर लागले. ताईच्या टेबलावर मी सहा महिने बसलो. डॉक्टरांकडून माणसे यायची, मला पाहून विचारायची, आणि भाऊ केबिनमधूनच सांगायचा, "आमच्या ताईंचं बक्षीस आहे ते."

कारखान्याचा एक कॉम्प्युटरवाला होता, आठवड्याला एकदा येऊन यंत्रे तपासून जायचा. तिसऱ्या फेरीचे मेल भाऊने स्वतः लिहून त्याच्यापुढे ठेवले. त्याने वाचले आणि मान खाली घातली.

"भाऊ, घरच्या माणसाचं नाव नको. दुसरं काहीतरी घालू."

"चोर विचारून येतो का?" भाऊ म्हणाला. "पाठव."

त्या मेलमध्ये लिहिले होते, 'आत्या, फोटो पाठवलाय. लगेच उघडून बघ. चिमू.'

ताईने अर्ध्या मिनिटात उघडले. फोटोच्या जागी मोठ्या अक्षरांत आले, 'तुम्ही फसलात.' ती कितीतरी वेळ पडद्याकडे पाहत राहिली. फोटो खाली कुठे असेल म्हणून तिने पान वरखाली करूनही पाहिले. मी तिच्या कोपराजवळच होतो, माझ्या चौदा दातांनी हसत. त्या दिवशी मला माझे दात पहिल्यांदा टोचले.

चहाला ती उभी राहिली. "मी उघडलं," ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, "मला वाटलं, चिमूच आहे."

पॉलिशवाला खो-खो हसला. भाऊ म्हणाला, "ताई, तू तर गाढवाला पाळायलाच घेतलंस." मी तिच्याच टेबलावर होतो, तरी त्याने मला उचलले, खोलीभर मिरवून आणले आणि पुन्हा तिथेच ठेवले.

त्यानंतर ताई बदलली. प्रत्येक मेलसाठी ती डॉक्टरला फोन करून विचारू लागली, तुम्हीच पाठवलंय ना? डॉक्टर वैतागले, काम रेंगाळू लागले, आणि भाऊ तिच्यावर त्याबद्दलही खेकसू लागला. धरले तर चावते, सोडले तर पळते, अशी तिची गत झाली. एक काम मात्र ती चोख करायची. एक वाजता डबा उघडताना प्रतीची डिस्क कॉम्प्युटरला जोडायची, कालपासूनची सगळी मापे त्यात उतरवून घ्यायची, आणि दोन वाजता डबा धुवायला उठली की डिस्क काढून भाऊच्या ड्रॉवरमध्ये परत ठेवायची. व्याख्यानातली ती गोष्ट साऱ्या कारखान्यात तिने एकटीने पाळली. त्याबद्दल तिचे नाव फळ्यावर कधी लागले नाही. तरी त्या डिस्कवर सगळ्यांचे पोट होते, कारण एकोणीस वर्षांचे प्लास्टरचे साचे भाऊने आदल्याच वर्षी जागा अडते म्हणून फेकून दिले होते. सगळं कॉम्प्युटरात आहे, असे तो सांगायचा.

नवे वर्ष सुरू झाले आणि नव्या फेरीसाठी मला ताईच्या टेबलावरून उचलून केबिनमधल्या कपाटावर ठेवले गेले. तिथून भाऊची मान, त्याचा लॅपटॉप आणि भिंतीवरचा तो कागद, तिन्ही मला दिसत.

तो मंगळवार होता. बारा वाजून दहा मिनिटांनी भाऊला एक मेल आले. सुरक्षित लघुउद्योग म्हणून त्याच्या कारखान्याचा सत्कार होणार होता. सोबत मानपत्र जोडले होते. भाऊने ते उघडायला दाबले. उघडले नाही, म्हणून पुन्हा दाबले. यंत्राने काहीतरी परवानगी मागितली. भाऊने वाचलेसुद्धा नाही, हो म्हणून टाकले. मग खुर्चीत मागे रेलून तो मानपत्राची वाट पाहू लागला. चेहऱ्यावर हसू होते, तोंड किंचित उघडे.

दहा मिनिटांत त्याच्या फायलींची नावे बदलू लागली. नावांपुढे वेडीवाकडी अक्षरे चिकटत गेली आणि एकही फाइल उघडेना. भाऊने तीनचार वेळा प्रयत्न केला. मग त्याला कळले. त्याचा कान लाल झालेला मी वरून पाहिला. तो सावकाश वळला आणि त्याने भिंतीवरचा कागद वाचला. ताबडतोब तार काढा आणि सगळ्यांना सांगा. तार त्याच्या पायाशी होती. सगळे काचेपलीकडे होते. मित्रांनो, दोन पावले आणि दोन शब्द, एवढेच काम होते. 'मी उघडलं.' हे शब्द त्यानेच ठरवलेले होते.

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिले. मी हसत होतो, मला दुसरे काही करता येत नव्हते. भाऊने लॅपटॉप मिटला. यंत्र आतून घरघरत राहिले. त्याने त्यावर एक फाइल ठेवली आणि हात मांडीवर घेऊन तो बसून राहिला. तारेतून तो रोग बाहेर जात होता.

एक वाजला. ताई डबा घेऊन केबिनच्या दारात आली.

"भाऊ, डिस्क घेते."

भाऊने ड्रॉवर उघडला. डिस्क हातात घेतली. काचेपलीकडे पॉलिशवाला हात पुसत त्यांच्याकडेच पाहत होता. भाऊने डिस्क क्षणभर धरून ठेवली. मी मनात म्हणालो, नको देऊस, अरे, नको देऊस, तुला हिने वाढवलंय.

"घे," भाऊ म्हणाला.

"जेवला नाहीस अजून? डोळे कसे दिसतायत तुझे," ताई म्हणाली.

"जेवतो. तू जा."

दोन वाजता सगळे पडदे काळे झाले. चोरांची चिठ्ठी सगळीकडे सारखीच होती. पैसे द्या, नाहीतर विसरा. डिस्कवरही तीच चिठ्ठी निघाली. एकोणीस वर्षांची मापे, चार हजार माणसांची तोंडे, सगळी एका दुपारी कुलपात गेली. गाढवाचा नांगर फिरणे म्हणजे काय, ते मी त्या दिवशी पाहिले. नांगर धरणारा मात्र माणूस होता.

भाऊने सगळ्यांना चहाच्या जागी गोळा केले. चहा कोणी केला नव्हता.

"कोणी उघडलं?" त्याने विचारले.

आवाज जराही कापला नाही. सगळ्यांनी ताईकडे पाहिले. सांगावे लागलेच नाही, माना आपोआप वळल्या. ताई ओठ हलवत काहीतरी आठवत होती. सकाळपासून तिने अकरा मेल उघडले होते, प्रत्येकासाठी फोन केला होता, पण एका डॉक्टरचा फोन लागला नव्हता.

ती उभी राहिली. "मीच उघडलं असेल," ती म्हणाली.

भाऊ केबिनमध्ये गेला. मला वाटले, आता हा खुर्चीत बसून रडेल आणि खरे सांगेल. त्याने कपाटावरून मला उचलले. त्याचे हात गार होते. रीतीप्रमाणे दोन्ही हातांवर घेऊन तो चालत गेला आणि मला तिच्यापुढे ठेवले. त्या दिवशी मात्र कोणी हसले नाही, पॉलिशवालाही नाही. मी एकटाच हसत होतो.

तिसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवाला ताईच्या टेबलाशी बसून काम करत होता. भाऊ मागे उभा होता. खोलीत तिसरे कोणी नव्हते, मी सोडून.

"भाऊ, हे ताईंच्या मशीनवरून नाही आलं. तुमच्या लॅपटॉपवरून आलंय. बारा दहाला."

"माहीत आहे."

कॉम्प्युटरवाल्याचे हात थांबले. "तेव्हाच तार काढली असती तर डिस्क तरी वाचली असती."

"माहीत आहे म्हटलं ना." मग भाऊ म्हणाला, "कोणाच्या मशीनवरून आलं, ते लिहायलाच पाहिजे असं काही नाही. ताईनं मान्य केलंय. तिचं वयही झालंय आता."

कॉम्प्युटरवाल्याला घर होते, मुले होती. त्याने लिहिले नाही.

शनिवारी ताईला घरी बसायला सांगितले. ती पिशवीत आपला डबा, चष्म्याचे घर आणि छटांची पट्टी भरत होती. ती दाराशी पोचली, तेव्हा पॉलिशवाल्याने हाक मारली. "ताई, तुमचं बक्षीस राहिलं." सवय जात नाही म्हणतात ती अशी. दोन महिन्यांनी त्याचीही नोकरी गेली, पण त्याने माझे समाधान झाले नाही. ताई परत आली, मला उचलले आणि पिशवीत डब्याशेजारी ठेवले.

घरी तिने बारीक कात्री घेऊन माझे दात काढले. ते इतके घट्ट बसले होते की कापडही फाटले. तिने तोंड लाल दोऱ्याने शिवून टाकले, बारीक, एकसारखे टाके. दात कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकले. मग मला उशीशी ठेवले आणि दिवा मालवला. मी त्या रात्री तिला सारे सांगितले असते. पण आता तोंड बंद होते, आणि उघडे होते तेव्हाही मी हसण्यापलीकडे काय केले होते?

महिन्याभराने भाऊ आला. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, पण हा पाय धरायलाही आला नव्हता. जुन्या रोग्यांच्या दातांच्या छटा त्याला हव्या होत्या, आणि त्या आता फक्त ताईच्या डोक्यात होत्या. तिने आठवून आठवून दोनशे सोळा नावे लिहून दिली. तो चहा पीत होता. कागद देताना ती म्हणाली, "माझ्यामुळे तुझं फार नुकसान झालं रे."

भाऊने कप खाली ठेवला. मला वाटले, आता तरी. त्याची नजर उशीशी बसलेल्या माझ्यावर पडली, माझ्या शिवलेल्या तोंडावर थांबली, आणि तो म्हणाला, "जाऊ दे ताई. मी तुला कधीच माफ केलंय."

ती रडली. तो तिच्या पाठीवरून हात फिरवून, कागद घडी करून निघून गेला.

आता ताई कुठलाच निरोप उघडत नाही. फोन वाजला तर उचलते, पण काही आले आहे अशी टिंगटिंग झाली की फोन पालथा घालते. परवा तो सरळ पडलेला होता आणि मी पाहिले. पडद्यावर लिहिले होते, 'आत्या, फोटो पाठवलाय. लगेच उघडून बघ. चिमू.' ताईने ते वाचले. बोट पुढे नेले. मग तिने बोट मुठीत घेतले आणि फोन पालथा घातला.

संध्याकाळी चिमूचा फोन आला. आवाज मोठा होता, मला माझ्या एका कानाने सगळे ऐकू आले. चिमूला मुलगी झाली होती, सात दिवसांची.

"आत्या, फोटो बघितलास ना?"

ताईने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाली, "पाहिला गं."

"कोणासारखी दिसते सांग."

ताईने मला मांडीवर ओढून घेतले आणि माझा आखूड कान घट्ट धरला. "तुझ्यासारखीच," ती म्हणाली. "डिट्टो तूच."

"आणि माझं गाढव आहे का गं अजून? हिला हवंय."

"आहे ना. पाठवते. जरा डागडुजी करते आधी."

मित्रांनो, ती डागडुजी आज चालू आहे. चोरांपासून सावध राहा, प्रत ठेवा, तार काढा, हे तुम्हाला कोणीही सांगेल, आणि ते बरोबरच सांगेल. मी एका गाढवाच्या अकलेने एवढेच मागतो की ज्याच्या हातून चूक होईल त्याच्या टेबलावर मला ठेवू नका. त्याला आधी पाणी द्या आणि विचारा, किती वाजता झाले. ताईने माझ्या पोटाला नवी शिवण घातली आहे, मोठे बटण बदलले आहे. मला धाडायला खोकेही आणले आहे. चिमूने पत्ता पाठवला आहे. तो निरोपातच आहे, आणि निरोप उघडलेला नाही.